दूध आणि धान्यकोठार

“दुधाकडे बघ जरा, मी खालून कोथिंबीर घेऊन येते,” असं सांगून आई गेली, तेव्हा माझ्या राज्यात धान्यकोठार पुरं व्हायला दोन टर्न उरले होते. दोन टर्न म्हणजे फार तर एक मिनिट. दूध वर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, एवढा हिशेब मी मनात केला होता आणि तो बरोबरच होता. चुकलं ते त्याच्या पुढचं. कोठार झालं त्याच टर्नला लेखनकलेचा शोध लागला, म्हणून राजधानीत ग्रंथालय बांधायला घेतलं. उत्तरेला पाठवलेल्या घोडेस्वाराला डोंगरापलीकडे समुद्र दिसला. समुद्र दिसला म्हणजे तिथं गाव वसवायला माणसं पाठवणं आलं. ती माणसं वाटेत असतानाच शेजारच्या झुलू राजाचा दूत तहाचा निरोप घेऊन हजर. आई परत आली तेव्हा निम्मं दूध ओट्यावरून ओघळून खालच्या तांदळाच्या डब्यापर्यंत पोचलं होतं आणि करपलेल्या पातेल्याचा वास जिन्यापर्यंत. “दोनच मिनिटं झाली गं,” मी म्हणालो. आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि माझ्या हातात घासणी दिली.

ओटा घासताना डोक्यात आलेला विचार आजही मला पटतो. दूध हा रिअल टाइम खेळ आहे. ते कुणासाठी थांबत नाही. माझा खेळ मात्र मी बटण दाबेपर्यंत जागचा हलणार नव्हता. मी उठून गॅस बंद केला असता, चहा केला असता, दोन दिवस गावाला जाऊन आलो असतो, तरी झुलू राजाचा दूत तिथंच हात जोडून उभा राहिला असता. मग मी उठलो का नाही? धावपळीचा, गोळीबाराचा खेळ माणसाला खुर्चीला बांधून ठेवतो हे समजण्यासारखं आहे. तिथं पापणी लवली की मेलात. पण जो खेळ तुम्हाला कितीही वेळ द्यायला तयार आहे, तोच तुमचा सगळा वेळ कसा घेतो? हे पुस्तक त्या एका कोड्यापायी लिहिलं आहे.

शब्दाची एक अडचण आधीच सांगून टाकतो. ‘टर्न’ला मराठीत ‘पाळी’ म्हणता येईल, पण पानापानावर तो शब्द आला तर वाचणारा अडखळेल. ‘चाल’ म्हणावं तर ती एका सोंगटीची असते. इथं एका टर्नमध्ये पन्नास चाली होतात. ‘डाव’ म्हणजे अख्खा खेळ. आपल्या अंगणातल्या खेळांत ‘राज्य येणं’ असा सुंदर शब्दप्रयोग आहे, पण तिथं राज्य येणं ही शिक्षा, ज्याच्यावर येतं तो ते दुसऱ्यावर ढकलायला बघतो. संगणकावर नेमकं उलटं. तेव्हा टर्नच म्हणू या, खेळणारे सगळे तेच म्हणतात. तुम्ही तुमच्या सगळ्या गावांना, सैन्याला, कारागिरांना हुकूम देता, टर्न संपवता, मग बाकीची राज्यं आपापलं करून घेतात आणि पुन्हा तुमच्याकडे सूत्रं येतात. बस्स, एवढंच यंत्र.

संगणकावर राज्य चालवायची कल्पना निघाली ती शाळेतून, हे मला फार आवडतं. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर भागात मेबल ॲडिस या शाळाशिक्षिकेनं आयबीएमच्या लोकांबरोबर ‘द सुमेरियन गेम’ रचला. सहावीची मुलं लगाश या प्राचीन नगराचे राजे व्हायची. पडदा नव्हता, टेलिप्रिंटरच्या कागदावर प्रश्न उमटायचे. एवढं धान्य आलं आहे, खायला किती द्यायचं, पेरायला किती ठेवायचं, कोठारात किती? जास्त पेरलं तर लोक उपाशी, जास्त वाटलं तर पुढच्या हंगामाला बी नाही. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी कणगीपाशी बसून दरवर्षी होणारा हा हिशेब. त्याच कल्पनेवरचा ‘हमुराबी’ नावाचा छोटा खेळ पुढे बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमच्या पुस्तकांमधून पसरला. म्हणजे माझं दूध ज्या धान्यकोठारापायी उतू गेलं, त्याचा पाया एका बाईंनी वर्गात घातला होता.

या पुस्तकाचा मोठा भाग ज्या खेळाभोवती फिरतो तो ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला. सिड मायरनं बिल स्टीली या हवाई दलातल्या वैमानिकाबरोबर १९८२ मध्ये मेरिलँडमध्ये मायक्रोप्रोज ही कंपनी काढली होती. तिचं नाव झालं ते विमानांच्या खेळांमुळे. मग विल राइटचा ‘सिमसिटी’ हा शहर वसवायचा खेळ १९८९ मध्ये आला आणि मायरलाही बांधणीच्या खेळांची ओढ लागली. मायरनं ब्रूस शेलीला हाताशी घेऊन १९९० मध्ये ‘रेलरोड टायकून’ केला आणि मग दोघांनी थेट मानवी इतिहासालाच हात घातला. आता मजा अशी की ‘सिव्हिलायझेशन’चा पहिला कच्चा खर्डा टर्नचा नव्हताच. त्यात ‘सिमसिटी’सारखं घड्याळ चालू असे, वस्त्या कुठं वाढाव्यात ते ठरवायचं आणि बघत बसायचं. मायरला तो कंटाळवाणा वाटला. त्यानं तो बाजूला ठेवला, मधल्या काळात एक हेरगिरीचा खेळ पुरा केला, आणि परत येऊन घड्याळच काढून टाकलं. खेळाडू बटण दाबेल तेव्हाच काळ सरकेल. इसवी सनापूर्वी ४००० पासून सुरुवात, पहिले टर्न वीस-वीस वर्षांचे, शेवटचे एकेका वर्षाचे. खेळ म्हणजे विचार करायला लावणाऱ्या निर्णयांची माळ, अशी काहीशी व्याख्या मायरच्या नावावर सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. मणी कितीही सुंदर असोत, मी विचारतो आहे ते दोऱ्याबद्दल.

तो दोरा बघायला एक टर्न जवळून पाहावा लागतो. समजा सत्तेचाळिसावा टर्न आहे. राजधानीत वसाहतकऱ्यांचा जथा तयार व्हायला दोन टर्न आहेत. दुसऱ्या गावातलं कोठार चार टर्नांवर. काशाचा शोध तीनवर, पिरॅमिड अकरावर, आणि शेजारच्या राजाशी केलेला तह संपायला नऊ. नदीकाठचा कारागीर रस्ता बांधतो आहे, त्याचं काम पुढच्याच टर्नला पुरं होईल. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकाच वेळी संपत नाहीत. हीच या खेळाची वीण. एक धागा संपतो तेव्हा दुसरे चार अर्धे असतात आणि त्यातला एक अगदी संपतच आलेला असतो. पुस्तकात प्रकरण संपतं, सिनेमात मध्यंतर होतं, क्रिकेटमध्ये षटक बदलतं. इथं सगळी प्रकरणं एकमेकांत अडकवून लिहिलेली आहेत. तुम्ही कुठंही उठलात तरी मध्येच उठलात.

बरं, धागा संपला की तो मोकळा ठेवायची मुभा नाही. ‘सिव्हिलायझेशन’च्या २०१० च्या पाचव्या भागापासून तर हे उघडच दिसतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली जे मोठं बटण आहे ते ‘पुढचा टर्न’ असं लगेच म्हणतच नाही. आधी म्हणतं, या गावात आता काय बांधायचं ते सांगा. ते सांगितलं की म्हणतं, नवीन संशोधन निवडा. मग म्हणतं, या तुकडीला हुकूम हवा आहे. या सगळ्यांना काम नेमून दिलंत की मगच ते टर्न संपवू देतं. घरात एखादी काटेकोर आत्या असते तसं हे बटण. कुणाचा हात रिकामा दिसता कामा नये. म्हणजे एक उत्सुकता पुरी झाली की तिच्या जागी नवी लावून दिल्याशिवाय खेळ पुढे जातच नाही, आणि ती नवी तुम्ही स्वतःच्या हातानं लावलेली असते. कोठाराच्या जागी मी ग्रंथालय सुरू केलं. कुणी सांगितलं होतं? मीच.

मानसशास्त्रात या ठिकाणी ब्ल्यूमा झायगार्निकचं नाव घ्यायची पद्धत आहे. बर्लिनमध्ये कुर्त लेविनच्या हाताखाली काम करताना तिनं १९२७ मध्ये मांडलं की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या संशोधकांना हा परिणाम दर वेळी सापडला नाही. मला तिच्याच बरोबरीची मारिया ओव्हसियांकिना जास्त जवळची वाटते. १९२८ मध्ये तिनं दाखवलं की मध्येच तोडलेलं काम माणसं संधी मिळताच आपण होऊन परत हातात घेतात. बक्षीस नसलं तरी, कुणी सांगितलं नसलं तरी. आठवणीची गोष्ट वेगळी आणि हात वळवळण्याची वेगळी. झोपायला गेल्यावर मला झुलू राजाचा चेहरा कधी आठवला नाही. पण दोन टर्नांवर आलेलं कोठार पुरं करून टाकावं म्हणून मी अंथरुणातून उठलेलो आहे. एकदा नव्हे.

आमच्याकडे या खेळाला खऱ्या अर्थानं थांबवू शकणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे भारनियमन. वीज गेली की यूपीएस बोंबलायला लागे आणि पाचेक मिनिटांत डाव सेव्ह करून संगणक बंद करावाच लागे. सगळं गाव बोटं मोडत असलेल्या त्या अंधारात मला आतून जरा सुटल्यासारखंही वाटे, हे मी आज कबूल करतो. दुसरी गोष्ट पहाटे पाचचं पाणी. नळ सुरू झाल्याचा आवाज आला की वडील पिंप भरायला उठत आणि माझ्या खोलीतला उजेड बघून विचारत, “लवकर उठलास का रे?” उत्तर काय द्यावं हे मला कळत नसे. दोन्ही अडथळे बाहेरचे होते. खेळाच्या आत असा एकही नाही. घड्याळ नसलेल्या खेळात थांबण्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते आणि ती पार पाडायला सोयीची जागा खेळ मुद्दाम ठेवत नाही.

प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा १९२४ ची. सत्यजित राय यांचा चित्रपट १९७७ चा. १८५६ चं लखनौ, इंग्रज अवध गिळायला निघालेत आणि दोन सरदार पटावरून हलत नाहीत. कथेत तर खऱ्या नवाबाला नेलं जात असताना गप्प बसलेले ते दोघे बुद्धिबळाच्या डावावरून एकमेकांवर तलवारी उपसतात. टर्नच्या खेळाच्या नादावर आपल्याकडे याहून भेदक काही लिहिलं गेलेलं मला माहीत नाही. तरी माझी गोष्ट त्यांच्यापेक्षा थोडी वेगळी आहे. त्यांना डाव जिंकायचा होता. समोर माणूस होता, चिडणारा, लबाडी करणारा. बुद्धिबळात शह बसतो, मात होते, पट आवरावा लागतो. माझ्यासमोर ‘मात’ म्हणणारं कुणीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर जिंकण्यात मला फारसा रसही नव्हता.

हे ऐकून लोक हसतात, पण माझ्या जुन्या सेव्ह केलेल्या डावांची यादी काढली तर बहुतेक सगळे अर्धवट आहेत, आणि ते हरत आलो म्हणून सोडलेले नाहीत. जिंकणार हे नक्की झालं की सोडलेले आहेत. पहिले शंभर टर्न एकेक फळ झाडावरून तोडल्यासारखे लागतात. नकाशा काळोखात असतो, प्रत्येक पावलाला काही उजळतं. अडीचशेच्या पुढे तीसेक शहरं झालेली असतात, एकेका टर्नला पाच-पाच मिनिटं लागतात, शेजारी थकलेले असतात. बटण तेच, धागे तेवढेच गुंतलेले, उलट जास्तच. पण कुठल्याही निर्णयानं आता काही बिघडणार नसतं. मग एका संध्याकाळी आपण त्या डावाकडे परत जात नाही. नवीन डाव सुरू करतो. म्हणून मला असं वाटतं की ही ओढ सत्तेची नाही, विजयाची तर नाहीच. पुढे काय होईल ते अजून ठरलेलं नाही, या अवस्थेची ती ओढ आहे. खेळ बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. २०२५ च्या सातव्या भागात त्यांनी डावाचे तीन युगांत तुकडे केले, प्रत्येक युगाच्या शेवटी पट बराचसा नव्यानं मांडला. बऱ्याच जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही. विणलेलं मधेच कापल्यासारखं वाटलं असणार.

मायरला आरंभी राज्यांची चढती आणि पडती कमान दाखवायची होती. इतिहास तसाच असतो. पण राज्य पडायला लागलं की लोक जुना सेव्ह उघडत आणि पडझड पुसून टाकत. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळ-रचनाकारांच्या परिषदेत त्यानं याहून गमतीची गोष्ट सांगितली. लढाईत तुमची ताकद तिप्पट असेल तर चारात एकदा हरणं हे गणिताला धरून आहे. पण खेळाडू हरला की तक्रार करी, हे कसं शक्य आहे? तोच खेळाडू एकास तीन अशा उलट्या प्रमाणात जिंकला तर मात्र एक अक्षर बोलत नसे; ते त्याच्या कौशल्याचं फळ. शेवटी मायरच्या मंडळींनी आकडेच खेळाडूच्या बाजूनं झुकवले. ‘एक्सकॉम’ या दुसऱ्या टर्नच्या खेळाच्या नव्या भागांतही सोप्या पातळीवर असा छुपा हात दिला जातो. या खेळांना मी कधीकधी प्रामाणिक म्हणतो, तेव्हा ही झुकती तागडी लक्षात ठेवायला हवी.

या निमित्तानं गांधींचा विषय काढावाच लागेल, कारण ‘सिव्हिलायझेशन’ म्हटलं की कुणीतरी तो काढतोच. पहिल्या भागात गणिती गफलतीमुळे शांतताप्रिय गांधी अणुबाँब टाकत सुटायचे, अशी दंतकथा जगभर फिरली. अशी गफलत कधी नव्हतीच, हे मायरनं २०२० च्या आपल्या आठवणींत लिहून टाकलं. पण दंतकथा इतकी लाडकी झाली होती की नंतरच्या भागात गांधींना अण्वस्त्रांची आवड मुद्दाम, विनोद म्हणून देण्यात आली. मला तो विनोद पहिल्यांदा आवडला होता, पाचव्यांदा नाही.

मराठी वाचक विचारतील, आपण यात कुठं आहोत? २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये आहोत. त्याच्या लढाया रिअल टाइम असल्या तरी राज्याचा नकाशा टर्नचा आहे, अर्ध्या वर्षाचा एक टर्न, सुरुवात १७००. यादीत मराठ्यांचं नाव पाहून मी अर्थातच बाकीचं सगळं सोडून तेच राज्य घेतलं. १७०० म्हणजे राजाराम महाराजांचा सिंहगडावर मृत्यू, औरंगजेब एकेका किल्ल्याला वेढा घालून बसलेला, ताराबाई सूत्रं हातात घेताहेत. किल्ला पैसे घेऊन सोडायचा आणि पाऊस ओसरला की परत घ्यायचा, अशी ती लढाई होती. खेळाला यातलं काही कळत नाही. त्याला प्रदेश धरून ठेवणं, रस्ते बांधणं, कर वाढवणं एवढंच समजतं. जे राज्य जमीन सोडून जगलं त्याला खेळानं जमीन धरायला लावलं. १९९३ मध्ये ॲलन एमरिक या समीक्षकानं अशा खेळांचं वर्णन चार क्रियापदांत केलं होतं: शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. गनिमी कावा या चारांत कुठंच बसत नाही. तरीही मी पहाटे तीनपर्यंत खेळत होतो, हे वेगळं सांगायला नकोच.

शेवटी ‘व्यसन’ या शब्दाबद्दल. २००५ साली ‘सिव्हिलायझेशन’च्या चौथ्या भागाच्या जाहिरातीसाठी तो विकणाऱ्या कंपनीनं व्यसनमुक्ती मंडळाची नक्कल केली होती, खेळाडू उठून कबुलीजबाब देतात वगैरे. तेव्हा आम्ही हसलो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं खेळांच्या आहारी जाण्याला आजारांच्या यादीत जागा दिली, आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. तिथली कसोटी कडक आहे: ताबा सुटणं, बाकीचं आयुष्य मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. बंगळूरुच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. ज्यांच्या घरात हे घडतं आहे त्यांनी माझ्या पुस्तकात उत्तर शोधू नये, तिकडे जावं. पैसे लावायच्या रमीबद्दलही इथं काही नाही; तिथं तुमचा खिसा हीच सोंगटी असते. मी लिहितो आहे ते व्यसनाच्या अलीकडच्या पायरीबद्दल. मराठीत तिला ‘नाद’ म्हणतात. छंदाचं कौतुक होतं, व्यसनाची लाज वाटते. नादाबद्दल घरचे नुसते मान हलवतात. आईनं त्या दिवशी हलवली होती तशी.

पुढच्या प्रकरणांतला मजकूर तपासायला मी माझी जुनी हार्ड डिस्क जोडून घेतली. त्यात एक डाव सापडला. हिंदुस्थानचं राज्य, बाराशेच्या सुमाराचं साल, आणि पूर्व समुद्रात एक होडी, तिच्यात वसाहतकऱ्यांचा एक जथा. समोर काळ्या पट्ट्यात बेटाचं टोक तेवढं दिसतं. तेव्हा वीज गेली होती की पाणी आलं होतं, आठवत नाही. ती माणसं वीस-बावीस वर्षं तिथंच थांबली आहेत. किनारा दोन टर्नांवर आहे.